जहाज बंदराला लागलं, आता दिवस कसा लावायचा? बेळगाव, खानापूर, निपाणीकरांसाठी क्रूझच्या मुक्कामातल्या एका दिवसाचं नियोजन

क्रूझच्या कागदावर ‘कोची, सकाळी ८ ते संध्याकाळी ६’ एवढं छापलेलं दिसलं की घरात लगेच हिशेब सुरू होतो. दहा तास आहेत, मग मुन्नार होईल का? अलेप्पीची हाउसबोट होईल का? गुरुवायूरला जाऊन येता येईल का? टिळकवाडीतली निवृत्त शिक्षकांची मंडळी असोत, शहापुरातला भिशीचा ग्रुप असो, नाहीतर निपाणीचं एकत्र कुटुंब असो, प्रश्न तेच असतात. आणि प्रत्येक वेळी पहिलं सांगावं लागतं ते हे की दहा तास तुमचे नाहीत. ते जहाजाचे आहेत. तुमच्या वाट्याला त्यातले साधारण सहा येतात, आणि त्या सहा तासांचं नियोजन शेवटाकडून सुरुवातीकडे करायचं असतं.

बहुतेक जण करतात ते याच्या उलट. सकाळी उतरल्यापासून एकेक ठिकाण मांडत जातात आणि परतीला उरेल तो वेळ देतात. एसटीच्या किंवा स्वतःच्या गाडीच्या प्रवासात हे खपून जातं, कारण एक बस चुकली तर दुसरी असते. बंदरातून जहाज सुटलं की दुसरं नसतं.

आधी वेळेचा हिशेब

कागदावरची सुटायची वेळ ही जहाजाचे दोर सोडण्याची वेळ. सगळे प्रवासी त्याच्या आधी जहाजावर हवेत. या वेळेला क्रूझवाले ‘ऑल अबोर्ड’ म्हणतात. काही जहाजांवर ती अर्धा तास आधी असते, काहींवर तासभर आधी. ती आदल्या रात्री खोलीत येणाऱ्या दिवसाच्या पत्रकात, किंवा कंपनीच्या ॲपमध्ये, छापलेली असते आणि उतरताना गँगवेच्या, म्हणजे जहाजातून उतरायच्या शिडीच्या, तोंडाशी फलकावरही लावतात. तुमचा दिवस या आकड्यावरून ठरवा. तिकिटावरचा आकडा विसरून जा.

आता मागे मोजत या. समजा सुटायची वेळ ६, ऑल अबोर्ड ५. बंदराच्या फाटकावर ओळखपत्र तपासणी, मग आतली बस किंवा चालणं, मग जहाजाच्या दारात पुन्हा कार्ड आणि सामानाची तपासणी. शेवटच्या तासात सगळेच येतात, त्यामुळे रांग तेव्हाच सर्वांत लांब असते. म्हणून फाटकावर पोहोचायची तुमची वेळ ४. यात वाहतूक अडकली तर वापरायचा पाऊण तास धरलेला आहे. या पाऊण तासात कुठलंही ठिकाण बसवायचं नाही, चहासुद्धा नाही.

सकाळच्या बाजूनेही असंच. जहाज ८ ला धक्क्याला लागलं म्हणजे ८ ला दार उघडत नाही. दोर बांधणं, गँगवे लावणं, बंदराच्या अधिकाऱ्यांकडून मोकळीक मिळणं, यात अर्धा-पाऊण तास जातो. परदेशातून आलेलं जहाज असेल तर इमिग्रेशनमुळे आणखी. मग कंपनीच्या सहलीवाल्यांना आधी सोडतात आणि उरलेले त्यांच्या मागून. तुम्ही फाटकाबाहेर साडेनऊला उभे असाल असं धरा.

साडेनऊ ते चार म्हणजे साडेसहा तास. त्यातून जाण्यायेण्याचा दीड तास काढा. जेवणाचा एक. स्वच्छतागृह, पाणी, कुणाची चप्पल तुटली, कुणाला फोटो काढायचा राहिला, याचा अर्धा. बघायला उरले साडेतीन तास. त्यात तीन ठिकाणं नीट होतात, चार होतात पण धावपळीत. पाचवं ठिकाण यादीत असेल तर ते आत्ताच खोडा. घरी बसून खोडताना जेवढं जिवावर येतं त्यापेक्षा तिथे उन्हात उभं राहून खोडताना जास्त येतं, आणि चौदा जणांत मग त्यावरून वाद होतो.

घड्याळाचं एक पथ्य. जहाज आपली वेळ ठरवतं आणि बंदर गाठल्यावर ती बदलेलच असं नाही. भारतातल्या बंदरांत आणि श्रीलंकेत काही अडचण नाही, दोन्हीकडे घड्याळ एकच. पण मालदीव आपल्यापेक्षा अर्धा तास मागे आणि सिंगापूर अडीच तास पुढे. मोबाइल जमिनीवरची वेळ आपोआप घेतो. अर्ध्या तासाचा फरक सहज लक्षात येत नाही, म्हणून तो जास्त धोक्याचा. घरातल्या कुणा एकाने मनगटी घड्याळ लावावं आणि ते जहाजाच्या वेळेवरच ठेवावं.

घरातून निघण्याआधी

आपल्याकडचे लोक मुंबईला पोहोचण्यात चूक करतात, तीही हमखास एकच. जहाज दुपारी आहे म्हणून रात्रीच्या बसने निघायचं आणि सकाळी थेट बंदर गाठायचं. बेळगाव ते मुंबई हा पाचशे किलोमीटरच्या आसपासचा पल्ला आहे, मध्ये पुणे आहे आणि बोरघाट आहे. पावसाळ्याच्या अलीकडे-पलीकडे तर नकोच. रेल्वेने जा, बसने जा किंवा सांबऱ्याहून विमानाने, पण आदल्या दिवशी मुंबईत पोहोचा.

मग बंदराच्या दिवसाची तयारी. तीन गोष्टी आधीच शोधून ठेवा.

पहिली, जहाज धक्क्याला लागणार की समुद्रात उभं राहणार. धक्क्याला लागणार असेल तर चालत उतरता येतं. समुद्रात नांगर टाकून उभं राहणार असेल तर छोट्या बोटींनी किनाऱ्यावर नेतात. त्यांना टेंडर म्हणतात. टेंडरसाठी नंबर लागतो, जाताना अर्धा-एक तास आणि येताना तेवढाच जातो. वारा वाढला तर उतरणं रद्दही होतं. टेंडरच्या बंदरात तुमच्या साडेतीन तासांचे दोन-अडीच होतात, आणि तिथे बाहेरची गाडी आगाऊ पैसे भरून ठरवू नये.

दुसरी, धक्क्याचं नेमकं नाव. ‘कोची पोर्ट’ एवढ्यावर ड्रायव्हर तुम्हाला भलत्याच फाटकावर नेऊन सोडू शकतो. कोचीत कंटेनरचं टर्मिनल वल्लारपाडम बेटावर आहे आणि प्रवासी जहाजं लागतात विलिंग्डन बेटावर. सकाळी बाहेर पडताना फाटकाच्या फलकाचा फोटो काढा आणि नकाशावर त्या जागेची खूण ठेवा. मल्याळम येत नसली तरी फोटो दाखवता येतो.

तिसरी, त्या दिवशी वार कोणता आहे. ही सर्वांत सोपी गोष्ट आहे आणि तीच सर्वांत जास्त लोक विसरतात. पुरातत्त्व खात्याची बरीच संग्रहालयं शुक्रवारी बंद असतात. चर्चमध्ये रविवारी सकाळी प्रार्थना असते. केरळातली देवळं दुपारी बंद होतात आणि संध्याकाळी उघडतात, तोवर तुमचं जहाज सुटायच्या तयारीत असतं.

परदेशी बंदरं असतील तर व्हिसा. सिंगापूरहून निघून मलेशिया-थायलंड करून परत सिंगापूरलाच येणाऱ्या क्रूझसाठी सिंगापूरचा व्हिसा एकापेक्षा जास्त वेळा प्रवेश देणारा आहे ना, हे तिकीट काढण्याआधी एजंटकडून लेखी विचारून घ्या.

कंपनीची सहल की आपली गाडी?

जहाजावर विकल्या जाणाऱ्या सहली महाग असतात. चार जणांच्या कुटुंबाने त्याच पैशांत दोनदा टॅक्सी केली असती असं वाटतं, आणि ते खरंही असतं. त्या पैशांत मिळते ती एक हमी: कंपनीच्या बसला उशीर झाला तर जहाज साधारणपणे तिच्यासाठी थांबतं. तुमच्या टॅक्सीसाठी थांबत नाही. यात कप्तानाचा कठोरपणा नसतो. बंदरातून बाहेर काढणारा पायलट आणि ओढणाऱ्या टग बोटी ठरलेल्या वेळेला सांगितलेल्या असतात, धक्क्याचं भाडं तासावर चढतं, भरती-ओहोटी असते आणि मागून दुसरं जहाज त्याच जागेवर यायचं असतं.

माझं मत स्पष्ट आहे. ठिकाण बंदरापासून तासाभराच्या आत असेल तर आपली गाडी करा. दीड-दोन तास लांब असेल आणि तुम्हाला ते बघायचंच असेल तर कंपनीची सहल घ्या, पैशांकडे बघू नका. कोचीहून अलेप्पी पन्नास-पंचावन्न किलोमीटर आहे, एका बाजूला दीड ते दोन तास लागतात. आपल्या गाडीने तिथे गेलात तर बॅकवॉटरवर बसूनसुद्धा तुमचं लक्ष घड्याळातच राहील. मुन्नार शंभराहून बरंच जास्त किलोमीटर लांब आहे आणि रस्ता घाटाचा. जांबोटीच्या वळणावर बस लागणारी माणसं आपल्या घरात किती आहेत ते आठवा आणि मुन्नारचा विषय बंद करा.

गाडी ठरवताना ‘आठ तास, ऐंशी किलोमीटर’ अशा दिवसभराच्या भाड्यावर ठरवा. यात पार्किंग, टोल आणि थांबण्याचे पैसे धरलेत का हे आधीच विचारा. पैसे परत फाटकावर आल्यावर द्या. अर्धे आधी मागितले तर पेट्रोलपुरते द्या. ड्रायव्हरला पहिल्या मिनिटाला जहाजाची वेळ सांगा, पण ती ५ न सांगता ४ सांगा. कोचीत ओला-उबर चालतात, गोव्यात चालत नाहीत. गोव्यात स्थानिक टॅक्सी किंवा गोवामाइल्सचं ॲप, एवढेच मार्ग.

आठ-दहा जण असाल तर टेंपो ट्रॅव्हलर स्वस्त पडतो, पण सगळ्यांनी एकत्रच फिरायचं हा हट्ट सोडा. ज्यांना खरेदी करायची आहे त्यांनी बाजारात राहावं, ज्यांना बघायचं आहे त्यांनी बघावं, आणि जेवायला एका ठिकाणी भेटावं. वेळ सांभाळणारा माणूस मात्र एकच असावा आणि त्याने ‘चला’ म्हटलं की थोरल्यांनीही उठावं. हे निघण्याआधी घरी सर्वांसमोर ठरवून घ्या.

कोचीचा दिवस, तासातासाने

मुंबईहून सुटणाऱ्या बऱ्याच सफरींत कोची असते, म्हणून तीच नमुन्याला घेतो. पद्धत कुठल्याही बंदराला लागू पडते: सर्वांत लांबचं आधी, मग जहाजाच्या दिशेने सरकत यायचं. म्हणजे जसा दिवस पुढे जातो तसे तुम्ही धक्क्याच्या जवळ येता, आणि शेवटी वेळ कमी पडला तर जे सुटतं ते बाजारातलं एखादं दुकान असतं.

जहाज लागतं ते विलिंग्डन बेट मुळात निसर्गाचं नाही. बंदर खोल करताना काढलेला गाळ टाकून ते गेल्या शतकात उभं केलं, रॉबर्ट ब्रिस्टो या इंजिनिअरच्या देखरेखीखाली. जहाज आत येताना सकाळी डेकवर उभे राहिलात तर एका बाजूला फोर्ट कोची आणि दुसऱ्या बाजूला वायपीनचं बेट अगदी जवळून सरकताना दिसतं. ही पाहणी फुकटात होते, तिच्यासाठी लवकर उठा.

साडेनऊला फाटक. थोप्पुंपडीच्या बाजूने पूल ओलांडून फोर्ट कोची, वाहतूक धरून अर्धा तास. पहिल्यांदा समुद्रकाठची चिनी जाळी. सागाचे आणि बांबूचे भलेमोठे सांगाडे, टोकाला जाळं, मागच्या दोरांना वजनासाठी बांधलेले दगड, आणि चार-सहा माणसं मिळून ते वरखाली करतात. मासे फारसे लागत नाहीत या वेळेला, पण यंत्रणा बघण्यासारखी आहे. दोर ओढायला बोलावतात, ओढून बघा, आणि नंतर त्यांना थोडे पैसे द्या. वीस-पंचवीस मिनिटं पुरेत.

तिथून चालत सेंट फ्रान्सिस चर्च. १५०३ साली पोर्तुगिजांनी इथे पहिलं चर्च उभारलं, भारतातलं युरोपियनांनी बांधलेलं सर्वांत जुनं चर्च म्हणून ते ओळखलं जातं. वास्को द गामा १५२४ मध्ये कोचीतच वारला आणि इथेच पुरला गेला. १५३९ मध्ये त्याचे अवशेष पोर्तुगालला नेले, थडग्याची जागा मात्र अजून दाखवतात. ज्या माणसाच्या नावाच्या गावाला आपण लोंढ्याहून रेल्वेने जातो, त्याचा शेवट इथे झाला. मुलं बरोबर असतील तर हे त्यांना तिथे उभं राहून सांगा. जवळच सांताक्रूझ बॅसिलिका आहे, पांढरी, उंच, आतून रंगवलेली. वेळ असेल तर दहा मिनिटं.

साडेअकराला मट्टणचेरी. रिक्षाने किंवा गाडीने दहा-पंधरा मिनिटं. इथे क्रम महत्त्वाचा आहे. आधी परदेशी सिनेगॉग, मग राजवाडा. ज्यूंचं हे प्रार्थनामंदिर १५६८ सालचं, आणि ते दुपारी काही वेळ बंद असतं. शुक्रवारी दुपारनंतर आणि शनिवारी तर ते बघायला मिळतच नाही. आत पायाखाली चीनहून आणलेल्या निळ्या-पांढऱ्या फरश्या आहेत, हाताने रंगवलेल्या. खांदे आणि गुडघे झाकतील असे कपडे घाला, चपला बाहेर काढाव्या लागतात.

राजवाडा त्याला लागूनच. लोक त्याला डच पॅलेस म्हणतात, पण बांधला पोर्तुगिजांनी, १५५५ च्या सुमारास, कोचीच्या राजाला भेट म्हणून. डचांनी १६६३ नंतर दुरुस्त केला. बाहेरून साधा वाटतो आणि अनेक जण बाहेरूनच परत फिरतात. तसं करू नका. राजाच्या शयनगृहातल्या भिंतींवर अख्खं रामायण रंगवलेलं आहे, दाटीवाटीने, गेरू आणि हिरव्या रंगात, आणि या दिवसात बघायला मिळणारं सर्वांत मोलाचं तेच आहे. घरातल्या वयस्कर माणसांना इथे बसून प्रसंग ओळखायला फार आवडतं. पाऊण तास द्या, तासभरही द्या. फक्त शुक्रवार असेल तर हा वाडा बंद असतो, मग फोर्ट कोचीत जास्त वेळ घालवा.

मट्टणचेरीत आपल्या कानाला ओळखीची भाषा ऐकू येते. पोर्तुगिजांच्या काळात गोव्यातून निघालेली गौड सारस्वत कुटुंबं इथे स्थिरावली, त्यांचं तिरुमल देवस्वम हे मोठं देऊळ इथेच आहे आणि त्या भागात कोकणी अजून बोलली जाते. ज्यांना दर्शन घ्यायचं आहे त्यांनी वरचा क्रम उलटा करावा: साडेनऊला निघून थेट देऊळ, मग सिनेगॉग आणि राजवाडा, आणि जेवणानंतर फोर्ट कोची. केरळातल्या अनेक देवळांत पुरुषांना शर्ट काढून आत जावं लागतं आणि पँट चालत नाही, तेव्हा एक धोतर किंवा लुंगी पिशवीत असू द्या.

दीडच्या सुमाराला जेवण. मट्टणचेरीत पिढ्यान्‌पिढ्या राहणारी गुजराती वस्ती आहे, त्यामुळे शाकाहारी थाळीची चिंता नाही. केळीच्या पानावरचं केरळी जेवण मिळालं तर ते घ्या. भात जाड असतो आणि नारळाच्या तेलाचा वास काही जणांना रुचत नाही, मुलांसाठी बरोबर काहीतरी असू द्या. हॉटेलात शिरल्याबरोबर बिल लवकर लागेल म्हणून सांगून ठेवा.

उरलेला अर्धा-पाऊण तास ज्यू टाउनच्या गल्लीत. मिरी, वेलची, सुंठ, जायपत्री. पहिल्या दुकानात भाव विचारा, चौथ्या दुकानात घ्या. वेलचीचा दाणा फोडून बघा, आत काळा आणि चिकट असेल तर ताजा. सव्वातीनला गाडीत, चारच्या आत फाटकावर.

एक उन्हाचं सांगतो. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या आसपास उंचीवर आहे, आपल्याला कोरडी-गार हवा सवयीची. कोचीतला दमटपणा पहिल्या तासातच माणसाला थकवतो, साठीपुढच्यांना जास्त. म्हणून चालायची ठिकाणं सकाळी आणि छपराखालची दुपारी, असा क्रम वर लावला आहे. सुती कपडे, टोपी, माणशी लिटरभर पाणी, आणि मीठ-साखरेच्या पुड्या.

मुरगावला जहाज लागलं तर

गोवा आपल्याला परका नाही, त्यामुळे कलंगुट-बागा बघण्यात तो दिवस घालवू नका. ते किनारे बंदरापासून लांब आहेत आणि तुम्ही तिथे एरवीही जाता. त्याऐवजी एक फेरा करा जो सोलापूर-पुण्याहून आलेल्या तुमच्या सहप्रवाशांनाही आवडेल: मुरगावहून बोरीच्या पुलावरून फोंडा, कवळ्याची शांतादुर्गा, म्हार्दोळची म्हाळसा, मंगेशी, तिथून बाणस्तारीमार्गे जुनं गोवें, आणि झुवारीच्या नव्या पुलावरून परत वास्को. रस्ता गोल असल्यामुळे एकच वाट दोनदा तुडवावी लागत नाही. कवळ्याला पोहोचायला सव्वा तास धरा. जुन्या गोव्यातल्या बॉम जेझूसमध्ये रविवारी सकाळी प्रार्थना असते, आणि शेजारचं पुरातत्त्व संग्रहालय शुक्रवारी बंद. थांबा कमी तासांचा असेल तर म्हार्दोळ आणि जुनं गोवें यांतलं एक गाळा. वास्को शहरातली शेवटची काही किलोमीटरं संध्याकाळी तुंबतात, तिथला वेळ वेगळा धरा.

आणि एक प्रश्न मुंबई-पुण्याच्या पाहुण्यांकडून फोनवर हमखास येतो: ‘आमचं जहाज गोव्याला लागणार आहे, तेवढ्यात बेळगावला येऊन जाऊ का?’ येऊ नका म्हणून सांगा, कितीही वाईट वाटलं तरी. मुरगाव ते बेळगाव, चोर्ल्याने या नाहीतर अनमोडने, एका बाजूला चार तासांच्या आसपास. दाराशी येऊन पाणी प्यायचं आणि मागे फिरायचं, एवढंच होईल, आणि घाटात एखादा ट्रक आडवा झाला तर जहाज गेलं.

त्यापेक्षा आपण जावं. बेळगावातून पहाटे पाच-साडेपाचला निघालं की जांबोटी, कणकुंबी, चोर्ला, साखळी करत साडेआठ-नऊला फोंड्यात पोहोचता येतं. मंगेशीला भेटायचं, दर्शन, जेवण एकत्र, आणि त्यांना वेळेत वास्कोकडे लावून द्यायचं. आपल्याला रात्रीच्या आत घाट चढून परत येता येतं. पावसाळ्यात निघण्याआधी घाट चालू आहे का याची कणकुंबीकडे कुणाकडून तरी खात्री करा. त्यांच्यासाठी कुंदा न्यायचा असेल तर दुकानातून सीलबंद डब्यात न्या. घरी केलेले पदार्थ बऱ्याच जहाजांवर दारातच काढून ठेवतात, सीलबंद असेल तर बहुधा जाऊ देतात. फेणीच्या बाटल्या मात्र तपासणीत हमखास निघतात आणि सफर संपेपर्यंत परत मिळत नाहीत.

लक्षद्वीप

इथे नियोजन करण्यासारखं फार काही नाही. प्रवेशाचा परवाना लागतो, तो बहुधा क्रूझ कंपनीच काढते. जहाज बाहेर उभं राहतं, बोटीने नेतात, बोटीनेच आणतात. स्वतःची गाडी, स्वतःचा कार्यक्रम असं काही जमत नाही, म्हणून कंपनीने दिलेला कार्यक्रम घ्या आणि निवांत पाण्यात उतरा. पोहायचे कपडे जहाजावरूनच आत घालून जा. प्रवाळाचा तुकडा आठवण म्हणून उचलू नका, मेलेला दिसला तरीही. प्रवाळाला वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे आणि सामानात सापडला तर गुन्हा होतो.

खांद्यावरच्या पिशवीत काय हवं

जहाजाचं कार्ड, प्रत्येकाचं स्वतःजवळ. आधार कार्ड मूळ, कारण बंदराच्या फाटकावरचे जवान मोबाइलमधला फोटो मानतीलच असं नाही. परदेशात असाल तर पासपोर्ट न्यायचा की खोलीच्या तिजोरीत ठेवायचा हे त्या बंदराच्या नियमावर असतं, पत्रकात दिलेलं असतं. निदान त्याची झेरॉक्स जवळ हवी. रोख रक्कम सुट्या नोटांत. रक्तदाब-साखरेच्या गोळ्या त्या दिवसापुरत्या नेऊ नका, तीन दिवसांच्या न्या. कारण शेवटच्या परिच्छेदात आहे.

मोबाइलबद्दल: जहाज समुद्रात असताना फोन जहाजाचं नेटवर्क पकडतो आणि त्याचं बिल भयंकर येतं. चढल्याबरोबर फोन एअरप्लेन मोडवर टाका आणि बंदरात उतरल्यावरच काढा. नकाशा आदल्या दिवशी मुंबईतच डाउनलोड करून ठेवा.

आणि दिवसाचं जे पत्रक खोलीत येतं त्याचा फोटो काढून सगळ्यांच्या फोनमध्ये टाका. त्यावर खाली बारीक अक्षरात पोर्ट एजंटचं, म्हणजे त्या बंदरातल्या जहाज कंपनीच्या माणसाचं, नाव आणि नंबर असतो. कुणी बघत नाही, पण अडचणीत उपयोगी पडणारा नंबर तोच.

उशीर झालाच तर

उशीर होतोय हे कळताक्षणी, जहाज सुटायच्या आधी, एजंटला फोन करा. दहा मिनिटांवर असाल आणि जहाजाला कळलेलं असेल तर कधी कधी गँगवे थोडा वेळ ठेवतात. ठेवतीलच असं नाही. नंबर लागला नाही तर फाटकावरच्या सुरक्षा रक्षकाला सांगा, तो आत निरोप देऊ शकतो. घाईत ड्रायव्हरला वेगाने मारायला सांगू नका. चुकलेलं जहाज पुढच्या बंदरात गाठता येतं.

जहाज निघूनच गेलं तर धक्क्यावरच थांबून एजंटची वाट बघा. परदेशी बंदरात, मागे राहिलेल्या प्रवाशांचे पासपोर्ट खोलीच्या तिजोरीतून काढून अनेकदा एजंटकडे दिलेले असतात. पुढच्या बंदरापर्यंतचा प्रवास, रात्रीचं हॉटेल, सगळं स्वतःच्या खर्चाने. कोचीहून जहाज मुंबईला निघालं असेल तर विमानाने तुम्ही त्याच्या आधी पोहोचता. कोकण रेल्वेने यायचं ठरवलं तर मडगावला उतरून बेळगावची वाट धरायची की मुंबईला जाऊन सामान घ्यायचं, हे घरच्यांशी बोलून ठरवा. खोलीतलं सामान कंपनी मुंबईत काढून ठेवते, ते घ्यायला ओळखपत्र घेऊन कुणीतरी जावं लागतं. निम्मं कुटुंब जहाजावर आणि निम्मं किनाऱ्यावर असं झालं असेल तर जहाजावरच्यांनी रिसेप्शनला जाऊन मागे राहिलेल्यांची नावं आणि फोन नंबर लिहून द्यावेत. दोन-तीन दिवसांच्या गोळ्या पिशवीत असाव्यात त्या यासाठीच.